ओठांत धरलेलं टोपण

तोंडात टाचण्या असल्या की शिंपी गप्प बसतो. एरवी या शिंप्याच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचा होता. पण हल्ली तो टाचण्यांशिवायही गप्प असायचा. ऐन तारुण्यात पाठीस लागलेल्या मधुमेहाने त्याच्या मूत्रपिंडांचा पार निकाल लावला होता. आता एकाच दात्याचं मूत्रपिंड आणि स्वादुपिंड मिळालं, तर डायलिसिस आणि इन्सुलिन दोन्हींतून सुटका होणार होती. यादीत नाव लागलं होतं. तोवर दुकानामागच्या खोलीत बसायचं, पोटातल्या नळीने औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी बाहेर काढायचं, हेच त्याचं डायलिसिस.

गिऱ्हाइकाची छाती मोजताना फोन वाजला की याच्याच छातीत धस्स व्हायचं. निघायचा कुणीतरी पँट झाली का विचारणारा. मग त्या बिचाऱ्यावर हा उगाचच डाफरायचा.

काल पाणी बदलताना दुकानातून हाक आली. ‘आलो, आलो!’ म्हणायला त्याने मास्क खाली ओढला. दोन्ही हात नळीत गुंतलेले, म्हणून नळीचं नवं टोपण त्याने टाचणीसारखं ओठांत धरलं आणि तसंच बसवून टाकलं. नर्सने बजावलं होतं, टोपणाला कशाचाही स्पर्श नको. जंतू पोटात गेले तर नंबर थांबेल. लगेच कळवायला हवं होतं. पण नंबर जाईल या धास्तीने तो बायकोलाही काही बोलला नाही. रात्रभर कूस बदलत राहिला.

आज पोट दुखू लागलं. पाणी पिशवीत काढून ती उचलतो न उचलतो तोच फोन वाजला. इस्पितळाचा होता.

“दाता मिळालाय. तब्येत कशी आहे? ताप, पोटदुखी?” नर्सने विचारलं.

बायको धावत आली. “म्हणा ना, ठणठणीत आहे!”

पाणी स्वच्छ आहे का पाहायला त्याने रेघांच्या कापडाचा तुकडा पिशवीमागे धरला. रेघा दिसेनात.

“दिसतायत की रेघा!” बायको म्हणाली. “अहो, दिसतायत!”

तिचं ऐकावं असं त्याला फार फार वाटलं. त्याने कापड जरा हलवून पाहिलं.

“पाणी गढूळ आलंय,” तो फोनवर म्हणाला. “चूक माझीच आहे. काल टोपण तोंडात धरलं होतं.”

“मग आज नाही जमणार. यादीतल्या पुढच्याला फोन करते. पिशवी घेऊन ताबडतोब या, औषध सुरू करू. बरे झालात की नाव परत चालू होईल.”

बायको त्याच्या हातातला कापडाचा तुकडा ओढून घेऊन खाली बसली.

“कोण असेल गं पुढचा?” त्याने विचारलं.

“कुणी का असेना,” डोळे पुसत ती उठली आणि पिशवी उचलली. “शिंपी नसला म्हणजे झालं. चला.”