चांद्रयान अन् माझी लेक

यान चंद्रावर उतरलं त्या दिवशी मी साखरखेर्ड्याला, लेकीच्या सासरी होतो. टीव्हीवर साड्या नेसलेल्या शास्त्रज्ञ बाया टाळ्या वाजवत होत्या. मी फुशारकीनं म्हणालो, "पाह्य बाई, आपल्या बाया कुठं पोचल्या!"

भाकरी थापता थापताच ती बोलली, "बाबा, त्याइच्या बापानं बारावीतच सुपारी नसन फोडली."

बारावीला ती शाळेत पहिली आली होती. नागपूरला इंजिनिअरिंगले नंबर लागला, पण त्याच्या आधीच मी तिच्या लग्नाची सुपारी फोडून बसलो होतो. मास्तर समजवायले घरी आले, तर त्यांनाच सुनावलं, "चार लोकांत देलेला शब्द मी मोडत नसतो."

यान उतरलं त्या सांजेला भूक नाही म्हणून लेकीनं वाढलेल्या ताटावरून उठलो. चुकलो, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.