हिरव्या ठिपक्यांचा माळी

खोडावर हिरवा गोल ठिपका दिसला की लोक ओळखायचे, या झाडावरून ठिपकेकाकांची करवत फिरली आहे. फांदी खोडालगत अगदी सपाट कापायची आणि वर हिरव्या ऑइलपेंटचा जाड थर द्यायचा. ही त्यांची सही. एकतीस वर्षांत ती कुठे राहून गेली नव्हती.

बागकाम करणाऱ्यांच्या संघाचा फॉर्म बायकोने परस्पर भरला. कामाचे फोन तीच घ्यायची. हल्ली लोक आधी विचारायचे, तुम्ही सभासद आहात का?

"झाड काय कार्ड बघून पालवी फोडतं?" काका म्हणाले.

"झाड नाही बघत, झाडाचे मालक बघतात. वर्षातून दोन दिवस वर्गाला बसावं लागतं. बसा. झोप तरी होईल तुमची."

ते डबा घेऊन गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. शिकवणारी त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिने टेबलावर उभा चिरलेला ओंडका ठेवला. बाहेरून रंगवलेला, गुळगुळीत. आतून तपकिरी भुसा, पार गाभ्यापर्यंत.

"फांदीच्या बुडाशी ही फुगीर कड असते," ती म्हणाली. "झाड जखम भरून काढतं ते इथून. सपाट कापताना आपण नेमकी तीच कापतो. आणि रंगाने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते."

काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. ओंडक्यावरचा रंगही हिरवाच होता.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बाकावर बसले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "आत पोकळ आहे हे बाहेरून कसं कळतं?" तिने लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"काय शिकवलं?" घरी बायकोने विचारलं.

"मी एकतीस वर्षं काय केलं ते."

ती हसली. मग त्यांचं तोंड बघून तिने हसू आवरलं. काका म्हणाले, "बाईंच्या अंगणातलं झाड."

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शब्दावर अख्खी गल्ली कामं द्यायची. त्या झाडाखालच्या बाकावर बाई रोज सकाळी पेपर वाचत.

"अहो, सांगितलंत तर गिऱ्हाईक जाईल."

"नाही सांगितलं तर बाई जातील."

सकाळी बाई पेपर घेऊन बसल्याच होत्या. काकांनी त्यांना उठवलं. बाकाच्या वर जाड फांदी होती आणि फांदीच्या बुडाशी त्यांचा जुना ठिपका. शिडीवर चढून त्यांनी ठोकलं. खोडाचा आवाज भरीव आला. ठिपक्यापाशी मात्र रिकाम्या डब्यासारखा.

खाली उतरून त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "ही फांदी उतरवावी लागेल. माझ्याकडून नको असेल तर दुसऱ्याला बोलवा. फक्त त्याचं कार्ड आधी बघा."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे एवढी वर्षं मी तुमच्या चुकीखाली बसून शब्दकोडी सोडवत होते?"

"हो."

"आणि हे कळलं म्हणून शिक्षा मी झाडाला द्यायची? नवा माणूस आणून?" बाक फांदीखालून हलवायला त्यांनी त्याचं एक टोक धरलं. "बघत काय उभे राहिलात? दुसरं टोक धरा."

दुपारपर्यंत फांदी दोराने तुकड्यातुकड्याने खाली आली. शेवटच्या कापाला काका फुगीर कडेच्या बाहेर थांबले. मग सवयीने त्यांचा हात पिशवीत गेला. रंगाचा डबा तिथेच होता.

"रंग राहिला," बाई खालून म्हणाल्या.

काकांनी हात बाहेर काढला. "राहू दे बाई. आता झाडाचं झाड बघेल."

उतरल्यावर त्यांनी वहीतलं कोरं पान काढलं. ज्या ज्या घरांच्या झाडांवर ठिपके होते, ती आठवून लिहायला बसले. पान पुरलं नाही.