धुरपदाबाईला दार पाहिजे

बैलाने भिंत खाल्ली, तिथून हे सगळं सुरू झालं.

ऊसतोडीच्या फडावर राहायला कोपी असते. बांबू वाकवायचे, वर उसाचं वाळलं पाचट टाकायचं, झालं घर. त्या वर्षी आमच्या गावच्या लिंबाजीने घाईघाईत एका बाजूला हिरवे शेंडे लावले. त्याची बायको धुरपदाबाई आत आंघोळीला बसली होती. शेजारच्या गाडीवानाचा बैल आला आणि शांतपणे भिंत खायला लागला. बाईने तोंडावरचा साबण पुसून बघितलं, तर अर्धी भिंत संपलेली. समोर बैल आणि बैलामागे अख्खा तळ.

"वरडायचं की मग," लिंबाजी नंतर म्हणाला.

"वरडले आस्ते तर मागचेबी फुडं आले आस्ते."

पुढच्या दसऱ्याला निघायची वेळ आली तेव्हा धुरपदाबाईने सांगून टाकलं, "जिथं दार न्हाई तिथं मी निजणार न्हाई. भिंत जनावरानं खाऊ नये, आन् कडी आतून पायजे. न्हाईतर तुमी एकलेच जा."

एकट्याला जाता येत नाही. उसाच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. अर्ध्या कोयत्याला ट्रकमध्ये जागा नसते. किशनराव मुकादमाने तर तोंडावरच ऐकवलं, "लिंबाजी, बायकू हाय तर तू हायेस."

चौथ्या दिवशी लिंबाजी पूर्णेला गेला आणि भंगारवाल्याकडून एका जुन्या मॅटाडोरचा मागचा पत्र्याचा डबा घेऊन आला. चाकं नाहीत, इंजिन नाही, नुसता डबा. एका टोकाला दार, बाजूला जाळीची खिडकी. ट्रकमध्ये चढवायचा, फडावर उतरवून विटांवर ठेवायचा, असा बेत.

ही सत्त्याऐंशीची गोष्ट. मी परभणीच्या आयटीआयमधून वायरमनचा कागद घेऊन नुकताच गावात आलो होतो. लिंबाजीकाका मला नावाने हाक मारायचा नाही.

"ये आयटीआय, ह्यात उजेड पाड."

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला कधीच खांबावरून तार येणार नव्हती असं घर! पण मी जिद्दीला पेटलो. दोघांनी मिळून गंजलेला तळ काढून फळ्या ठोकल्या. भिंतीला बिजागऱ्यांवर उचलता येईल असा पलंग केला. टपावर पाण्याची टाकी बसवून नळी आत घेतली, कोपऱ्यात न्हाणीला भोक पाडलं. ट्रकची जुनी बॅटरी चार्ज करून आणली. दिव्यासाठी भंगारातलाच इंडिकेटर मिळाला, आणि त्याच्याबरोबर आलेला डबीसारखा भागही मी इमानाने जोडला. बटण दाबलं तर दिवा उघडझाप करायला लागला.

"ह्यो काय डोळा मारायलाय का?" धुरपदाबाईने विचारलं.

तो भाग काढल्यावर दिवा गुणी झाला. बाईने दाराची आतली कडी चार वेळा लावली, चार वेळा काढली. "येते," म्हणाली. लिंबाजीने तिथल्या तिथे मला चहा पाजला.

निघायच्या दिवशी डबा चढवायला वीसेक माणसं जमली. बाकीच्या बायकांनी धूळ नको म्हणून आपापल्या भाकरीची गाठोडी आत ठेवली होती. भांडी पडू नयेत म्हणून धुरपदाबाईही आतच बसली, कडी लावून.

"धुरपदे, उतर की! वजन हुतंय!"

"आत्तापर्यंत मी तुमाला वडलंय. आज तुमी मला उचला."

चढवताना मी हिशोब मांडला. ट्रकमागे धूळ उडते, म्हणजे दार मागे नको, पुढे केबिनकडे पाहिजे. डबा हलू नये म्हणून पुढच्या फळीला अगदी भिडवून दोरखंडाने आवळला. मागे बारा घरांचं सामान, कोंबड्या आणि आम्ही सगळे. मला परभणीला उतरायचं होतं, पण बॅटरी कशी चालते ते बघायला तसाच पुढे निघालो.

पाथरीच्या स्टँडवर ट्रक चहाला थांबला. लिंबाजी खिडकीखाली जाऊन म्हणाला, "भायेर ये गं, चहा घे."

आत कडी वाजली. मग दणका.

"अवो, दार उघडंना."

दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं, आणि बाहेर चार बोटं जागा होती. काकाने माझ्याकडे बघितलं. मी ट्रकच्या टायरकडे बघितलं.

"धूळ आली का पण आत?" मी विचारलं.

"गप, आयटीआय!"

एवढ्यात बाकीच्यांना भूक लागली आणि भाकरी कुठे आहेत ते सगळ्यांना आठवलं. जाळीतून भाकर निघत नव्हती. आतून मात्र चटणीचा वास आणि धुरपदाबाईचा चावायचा आवाज येत होता.

"लवकर काढा बगा," ती म्हणाली. "आंबाड्याची भाजी कुणाची हाय? लय चांगली झालीय."

भाजी किशनरावाच्या घरची होती. मग सामान उतरवायला वेळ लागला नाही. कोंबड्यांसकट सगळा ट्रक स्टँडवर रिकामा झाला, वीस जणांनी डबा दोन हात मागे ओढला, दार उघडलं.

धुरपदाबाई खाली उतरली. चहा प्याली. समोर परभणीची एसटी लागली होती. ती तडक एसटीकडे चालायला लागली.

"गेली," किशनराव म्हणाला. "लिंबाजी, तुजंबी गाठोडं उचल."

लिंबाजी धावला. "अगं, आईक तरी! फडावर डबा खाली ठिवला की दार उघडणारच हाय!"

ती एसटीच्या मागे जाऊन उभी होती. कंडक्टरला विचारत होती, "भाऊ, ह्या मागच्या खिडकीवर काय लिवलंय?"

"संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग."

तिने ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग नवऱ्याकडे वळली. "मला ह्ये पायजे. तवाच येते. न्हाईतर ही गाडी सुटायलीच हाय."

स्टँडशेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. दीड तासात मी दाराच्या समोरच्या टोकाचा पत्रा कापला, बिजागऱ्या लावल्या, कडी आतून बसवली. खिडकी आतल्या बाजूला उघडते की नाही, ते पाच जणांनी तपासलं. दुकानदाराने लाल रंगात अक्षरंही काढून दिली. धुरपदाबाईने अक्षरांवरून नजर फिरवली आणि आत चढली. एसटी तिच्याशिवाय गेली.

मला तिथूनच परत पाठवलं. पुढचं लिंबाजीने उन्हाळ्यात सांगितलं. तळावरच्या अकराही बायका आंघोळीला त्याच्याच डब्यात यायच्या. आतून कडी, बाहेर रांग. दार त्याच्या वाट्याला कधी आलंच नाही. कोयता आत राहिला की तो मागच्या खिडकीवर टकटक करायचा.

"मग खिडकीतनं आत जायचा का काका?"

"जाऊ देतीया व्हय? लिवलंय काय त्येच्यावर? बाहेर पडण्याचा. कोयता तेवडा बाहेर यायचा."