जजकाकांचा मंगळवार

१७ नोव्हेंबर, ब्रॉसार्ड, कॅनडा

खूप महिन्यांनी लिहितेय. कोणाच्याच मेसेजला उत्तर दिलं नाही, माफ करा.

जजकाका गेल्या बुधवारी गेले, आणि तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एका गावाला नावं ठेवतोय.

मीही ठेवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काका मूळचे सांगलीचे. बॉर्डरपलीकडे, अमेरिकेतल्या एका छोट्या गावात फार्मासिस्ट होते. तिथे गावचा जज लोक मतदान करून निवडतात, तो वकील असावा लागत नाही. काका तीनदा निवडून आले.

दर मंगळवारी संध्याकाळी टाऊन हॉलमध्ये कोर्ट. शेजारच्या शेडमध्ये रस्त्यावरचा बर्फ काढायचा स्नोप्लाऊ. स्पीडिंग, भाडेकरूंची भांडणं, चावरी कुत्री.

चौथ्यांदा थोडक्या मतांनी हरले. मग काका-काकू इथे मृणालकडे, म्हणजे मुलीकडे राहायला आले. मृणालचं घर माझ्या शेजारी.

पण माझी ओळख त्याआधीची. मला स्पीडिंगचं तिकीट त्यांच्याच गावात मिळालं होतं.

मी कोर्टात लांबलचक स्पष्टीकरण दिलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकलं आणि पूर्ण दंड केला.

नंतर पार्किंगमध्ये मागून मराठीत आवाज आला, "केस संपली. आता सांगा, गाव कुठलं?"

"नागपूर."

"नागपूरला पोचायची एवढी घाई? रस्ता चुकलात."

त्यांची तीच ख्याती होती. दोन्ही बाजू ऐकायचे. दोन शेजाऱ्यांच्या कुत्र्यांच्या भांडणात अख्खी संध्याकाळ घालवली, म्हणे.

काल मृणालकडे बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, "इतकी वर्षं राबले, आणि शेवटी लोकांनी रंग बघितला."

मी मान डोलावली. "कदरच नव्हती."

काकूंनी मला किचनमध्ये बोलावलं.

"त्या लोकांना बोलू नका गं. मीसुद्धा मत दिलं नव्हतं."

"कोणाला?"

"ह्यांना. मतपत्रिकेवर दुसऱ्या नावापुढचा गोल भरला."

मला वाटलं, दुःखात काहीतरी बोलतायत. पण काकू शांत होत्या.

"पुन्हा उभे राहतायत हे मला फार्मसीतल्या बाईकडून कळलं. मृणालला दुसरं बाळ होणार होतं. मला इकडे यायचं होतं. दोनदा विषय काढला. म्हणाले, निवडणूक होऊ दे, मग बघू. अगं, कुत्र्यांच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकणारा माणूस. मला घरात कधी विचारलं नाही. त्या कागदावर विचारलं होतं, तर सांगितलं."

मत देऊन बाहेर आल्यावर काका म्हणाले होते, "एवढा वेळ? ओळखीचं एकच तर नाव होतं."

"पेन नीट चालत नव्हतं, म्हटलं मी," काकू म्हणाल्या.

इथे आल्यावर काका दर मंगळवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून घरातल्या हॉलमध्ये बसायचे. आम्ही हसायचो.

"काका, आज कोर्ट?"

"आज जज रजेवर."

तेव्हा ते मला मजेशीर वाटायचं. आता तसं वाटत नाही.

काकू म्हणाल्या, "मला नातवंडं मिळाली. त्यांचा मंगळवार गेला."

"कधी सांगितलं का नाही?"

"रोज वाटायचं, आज सांगावं. चहा व्हायचा, मुलं शाळेतून यायची, राहून जायचं. सांगितलं असतं ना, तर समोर बसवून सगळं ऐकलं असतं त्यांनी. तेवढं नक्की."

मग म्हणाल्या, "तू लिही हे. त्या गावावर खोटा आळ नको."

मी रात्रभर अडून होते. मत गुप्त असतं. ते मी उघडं करावं का? काकूंना उद्या पश्चात्ताप झाला तर?

सकाळी मृणालला हे वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ती सिंकपाशी कप विसळायला लागली.

"आईने बाबांना सांगायला हवं होतं."

नळ बंद केला.

"आणि बाबांनी विचारायला. पोस्ट कर."

कोण चुकलं, मला ठरवता येत नाही. गाव मात्र चुकलं नाही, एवढं लिहून ठेवते. काल मी मान डोलावली ती मागे घेते.

त्या गावाहून कोर्टाच्या क्लार्कबाईंचा फोन आला होता. उद्या कोर्ट सुरू होण्याआधी काकांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहणार आहेत. मी काकूंना म्हटलं, सुतकात कसं जायचं?

"सुतक असू दे. मला तिथे उभं राहायचंय. ह्यांच्या खुर्चीसमोर."

जजकाका, तुमचं ऐकणं आमच्या लक्षात राहील. शांत झोपा.

उद्या, मंगळवार: दुपारी काकूंना टाऊन हॉलला न्यायचं. गाडी सावकाश चालवायची.