न तुटलेली संख्या

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये, आमच्या शेजारचे काका पहिल्या पाळीवरून आले, की व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं ९९९९१ ला एकेका मूळ संख्येनं भागत बसायचे. बाकी उरली की हळूच म्हणायचे, "तुटली नाही पाहिजे."

"फरशी मलेच पुसा लागते," काकू आतून म्हणायच्या.

एक दिवस ३१३ नंही भाग गेला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चाचरत म्हणालो, "काका, पुढची मूळ संख्या ३१७. तिचा वर्गच हिच्याहून मोठा आहे. आता भागायची गरज नाही. ही मूळच आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

काकांनी सगळे भागाकार स्वतः ओल्या फडक्यानं पुसले. ती संख्या मात्र राहू दिली. त्या दिवसापासून ते चपला पायरीखालीच काढून वर येऊ लागले.