कुत्रं गेलं, पिसवा राहिल्या

बंगळूरला आम्हाला कारखान्याचं क्वार्टर मिळालं, तेव्हा ते दोन महिने बंद होतं. आधीचं कुटुंब बदलीवर निघून गेलं होतं आणि त्यांचं तपकिरी कुत्रं व्हरांड्यात राहिलं होतं. आत पाऊल टाकलं आणि थोड्याच वेळात माझ्या पोटऱ्यांना आग सुटली. यजमानांच्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारत होते. पिसवा.

मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी तिच्या मांड्यांवर लाल गांध्या उठल्या. मग माझा एकच उद्योग झाला. सकाळी बंब पेटवायचा, चादरी-दुपटी उकळायची, गाद्या अंगणात ओढायच्या. बंगळूरचं आभाळ मेलं अर्धा दिवस झाकलेलं. गाद्या दमटच परत यायच्या. रॉकेलच्या फडक्याने फरशी पुसून पुसून माझ्या हातांची सालं निघाली. तरी संध्याकाळी पोरगी रडायचीच.

एके दिवशी मी यजमानांना म्हटलं, "अहो, ते कुत्रं तरी घालवा. त्याच्यामुळेच आहे हे सगळं."

कारखान्याची लॉरी शहराबाहेर येलहंक्याला जायची, तिच्यात त्यांनी कुत्र्याला चढवून दिलं. ते गुपचूप चढलं. आपल्याला फिरायला नेताहेत असं त्याला वाटलं असावं.

आता सुटलो, असं मला वाटलं. पण चार दिवसांत पिसवा दुप्पट चावायला लागल्या. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडले. मुलीला कडेवर घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

शेजारच्या अक्का बेळगावकडच्या. माझं रडणं ऐकून त्या आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुत्रं होतं तवर त्याला खात होत्या की ओ. आता ते नाही, मग तुम्हाला खाणार. अंडी तुमच्या घरात आहेत, कुत्र्याच्या अंगावर नव्हेत."

"मग करू तरी काय?"

"स्वल्प दम धरा. आधी हे काढू." असं म्हणून त्यांनी बैठकीतलं काथ्याचं जुनं जाजम उचललं. खाली बोटभर धूळ होती आणि त्या धुळीत पांढरट, केसासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या. इतके दिवस मी त्यावर पोरीला निजवत होते.

जाजम आम्ही परसात जाळलं. फरशीच्या भेगांतून खराट्याच्या काडीने धूळ काढली, उकळतं पाणी ओतलं, वर सिमेंट भरलं. कोपरे रोज झाडायचे आणि केर घरात न ठेवता लगेच जाळायचा, असं अक्कांनी बजावलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "कुत्र्यालाबी आठवड्याला कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं असतं, बारीक फणीनं विंचरलं असतं, त्याचं गोणपाट उकळलं असतं, तर भागलं असतं." त्यांनी ते मला टोचून म्हटलं नव्हतं. पण मला टोचलं.

तीन आठवड्यांनी पोरीच्या अंगावर नवी गांधी दिसली नाही. त्या रविवारी मी यजमानांना म्हटलं, "जाऊन बघता का त्याला?"

ते सायकलवरून येलहंक्याला गेले आणि उन्हं उतरल्यावर एकटेच परतले. कुत्रं स्टेशनवर सापडलं होतं. हमाल त्याला भात घालत होते. "अंगाने भरलंय चांगलं," ते म्हणाले. "मला ओळखलं. शेपूट हलवलं. पण मी निघालो तेव्हा मागे आलं नाही, तिथेच बसून राहिलं."

"ओढून आणायचंत."

"कशाला गं?"

खरं सांगायचं तर ते आलं नाही म्हणून मला हायसंच वाटलं. त्याला धुवायला, विंचरायला अंगात बळ कुठे होतं? आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि गाद्या आत घ्यायला अंगणात गेले.