पडद्यावरची डाळिंबी साडी

सुरतेत साड्यांचे फोटो काढणारे ढिगाने आहेत, आणि त्यातले बहुतेक पुरुष. त्यामुळे मार्केटमधल्या एका शेठने मला एक दिवस आजमावून बघायचं ठरवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आता बघाच. तो दिवस जमला तर वर्षभराच्या कॅटलॉगचं काम माझं. नाही जमला तर परत उधन्याच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो. हनुवटी खाली करा, दोन्ही कान दिसू द्या, हे सांगून सांगून माझं डोकं उठलं होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी माझी हेल्पर आजारी पडली. थर्माकोलची पांढरी शीट धरून मॉडेलच्या तोंडावर उजेड पाडायला कोणीतरी हवंच. शेवटी मी मायला घेऊन गेले. माय नवागामला घरी बसून साड्यांचं कटिंग करते. बुट्टे विणताना कापडाच्या मागे लांब दोरे सुटतात, ते कापायचे. माझं सगळं शिक्षण त्यावर झालं. तरी रिक्षात मी तिला बजावलं, तिथे एक शब्द बोलायचा नाही. शेठलोकांसमोर आपली अहिराणी निघायला नको. आज हे लिहितानाही लाज वाटते.

पहिली साडी डाळिंबी, अंगभर सोनेरी बुट्टे. मी फोटो काढायचे, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघायचे, शेठ माझ्या खांद्यावरून डोकावून ‘सरस, सरस’ म्हणायचा. साडी नेसवणारी खूश, मॉडेल खूश. वीसेक फोटो झाले आणि मी तर हवेतच होते.

तेवढ्यात मायने शीट भिंतीला टेकवली, जवळ येऊन पडद्यात पाहिलं आणि माझ्या कानाशी लागली.

“पोरी, साडी उलटी शे.”

मी भडकले. दातओठ खात कुजबुजले, की सगळ्यांना सुलटी दिसते, मग तुलाच कशी उलटी दिसते? ती जागची हलली नाही. एका बुट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, हा मोठा करून दाखव. तिला गप्प करायचं म्हणूनच मी बटण दाबत गेले. बुट्टा पडद्याएवढा झाला, आणि त्याच्या कडेला दोऱ्यांची बारीक कापलेली टोकं उभी दिसली. मागची बाजू! ज्या कोणा बाईने ते कटिंग केलं होतं, तिने इतकं साफ केलं होतं की शेठसकट आम्ही सगळे फसलो.

 शेठ तर फोटो पास करून बसला होता, गप्प राहिले असते तर तो दिवस निभावलाही असता. पण कॅटलॉग गावोगावच्या दुकानांत गेल्यावर कोणीतरी ओळखलंच असतं. मी सांगून टाकलं. शेठने कॅमेरा हातात घेतला, पडदा डोळ्यांजवळ नेला, मग मॉडेलचा पदर चिमटीत धरून उलटून पाहिला. साडी नेसवणारीचा चेहरा उतरला. मला वाटलं, गेलं काम. शेठने आपली खुर्ची ओढून मायपुढे ठेवली.

“बेन, तमे बेसो.”

शीट मग नेसवणारीनेच धरली. दिवसभर प्रत्येक फोटो आधी माय बघायची. एका साडीच्या निऱ्या कलल्या होत्या, एकीचा काठ मुडपला होता, तिने दोन्ही पकडलं. तिने मान डोलावली की पुढची साडी. मी तोवरच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो काढत होते, मला ते पडद्यावर लख्ख दिसत होतं. उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

संध्याकाळी शेठ म्हणाला, वर्षभराचं काम तुमचं, सोमवारपासून या. मी तोंड उघडायच्या आत माय माझ्याकडे बोट करून खुर्चीतूनच बोलली.

“आधी मी साड्या देखसू, मंग हाई फोटो काढी.”

शेठला अहिराणी कितपत कळली कोण जाणे, पण त्याने चक्क हात जोडून हो म्हटलं. मी कॅमेरा बॅगेत ठेवत होते. आनंदाच्या भरात बॅगेची चेन लावायचीच राहिली.